उसनी चाल

त्याचं खरं आडनाव सासुरवाडीपुरतं उरलं होतं. बाकी सगळे त्याला खटपटे म्हणत. रेडिओ केंद्रात आवाज करणं हे त्याचं काम. बोलायचा आवाज नव्हे, तो नटांचा. दार करकरायचं, कप फुटायचा, कुणीतरी जिन्यावरून गडगडत खाली यायचं, ते सगळं खटपटे. नाटकात माणूस मेला की नट एक 'आह' म्हणून मोकळा व्हायचा आणि पान उलटायचा. जमिनीवर धाडकन पडायचं ते खटपट्यानं, वाळूच्या पोत्याला कवेत घेऊन. "इतक्यांदा मेलो," तो म्हणे, "पण एकदाही कुणी माझ्यासाठी हळहळलं नाही."

त्याची खोली लांब आणि अरुंद. आत एक जिना होता, कुठंच न जाणारा. एक चौकट होती भिंतीवाचून उभी, आणि तिच्या दाराला दुनियेतल्या सगळ्या कड्या न् कोयंडे. खाली पसरट पेट्यांमधून खडी, वाळू, फरशीचे तुकडे. एका पेटीत बाद झालेल्या टेपचा गुंताडा भरलेला. त्यावरून चाललं की माणूस वाळक्या गवतातून चालल्यासारखा वाटे. भिंतीशी बुटांची रांग. पाय नसलेले बूट. पहिल्यांदा आत येणारा माणूस त्या रांगेकडे बघून जरा गप्प होई, जणू बरीच माणसं इथवर येऊन पुढं अनवाणी निघून गेली असावीत.

खटपट्याचे कान तिखट. व्हरांड्यातून कोण चाललंय हे तो पाठ फिरवून सांगे. "साहेब, आणि आज चिडलेत." "नाटकवाल्या बाई, चप्पल नवी." लोक मुद्दाम एकमेकांचे जोडे घालून त्याला फसवायला बघत, आणि फसत नाही म्हटल्यावर हात टेकत. त्याला ते आवडे. न आवडायला काय झालं? ज्याचं तोंड कुणी ओळखत नाही त्याला निदान कानाचा तरी मान हवा.

हा मान त्याला मिळाला एका नाटकामुळं. तेव्हा तो आणि केंद्र दोघंही तरुण होते. 'वरच्या खोलीतला' ही भागाभागांची रहस्यकथा लागायची तेव्हा रस्ते ओस पडत आणि न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर मध्येच थांबे. गोष्ट साधी होती. एक खानावळ. तिची मालकीण आंधळी. वरच्या खोलीत एक गरीब कारकून राहतो, डाव्या पायानं अधू, पाय घासत चालतो. एका दुपारी खाली खून होतो. मालकीण कोर्टात सांगते, "जिन्यावरून आला तो हाच. माणूस खोटं बोलेल, पावलं खोटं बोलत नाहीत." कारकून तुरुंगात जातो. आणि अगदी शेवटच्या भागात कळतं की खुनी दुसराच होता. तो कारकुनाची चाल उसनी घेऊन जिना चढला होता.

मालकिणीचं ते वाक्य घराघरांत गेलं. भाजी निवडताना बायका म्हणू लागल्या, वर्गात मास्तर म्हणू लागले. ते वाक्य शेवटच्या भागात खोटं ठरलं होतं हे मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही. शेवट कोण लक्षात ठेवतं? वाक्य तेवढं राहतं.

शेवटच्या भागातला एक प्रसंग तर नुसत्या पावलांचा होता. शब्द नाही, वाद्य नाही. खुनी येतो, दार उघडतो, उभा राहतो, दार लावतो, जातो. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येई. तो काटा खटपट्यानं आणलेला.

ती चाल त्यानं कुठून आणली होती? बरेच दिवस ती सापडत नव्हती. तो बुटात गोटी घालून चालला, गुडघ्याला फळी बांधून चालला. ऐकलं की वाटे, नट लंगडतोय. मग एका सकाळी व्हरांड्यातून आवाज आला. ठप्. सर्र. ठप्. निरोप्या फायली घेऊन येत होता.

निरोप्या म्हणजे केंद्रातला शिपाई. या खोलीतला निरोप त्या खोलीत पोचवायचा म्हणून निरोप्या. लहानपणी झाडावरून पडला होता, डावा पाय जरा आखूड राहिला होता. दोघं एकाच सुमारास कामाला लागले, एका कपातला चहा दोन बशांत ओतून प्यायले, एकमेकांच्या घरी जेवले. खटपट्यानं त्या दिवशी उजव्या बुटाच्या टाचेखाली चिंधीची घडी बांधली, डावा पाय सैल सोडला आणि खोलीभर चालून पाहिलं. जमलं. विचारायचं त्याच्या मनात आलं नाही. विचारायचं काय? चाल काही कुणाच्या मालकीची असते?

पहिला भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी निरोप्या दारात येऊन उभा राहिला. "काल तुझ्या नाटकात मी चाललो म्हणे."

"कोण म्हणतं?"

"बायको. स्वयंपाकघरातून ओरडली, आलात का हो म्हणून. मी तिच्या समोरच्या खोलीत पाय पसरून बसलेलो."

खटपटे हसला. निरोप्याही हसला, आणि गोष्ट चहात बुडाली. नंतर काही दिवस गल्लीतली पोरं निरोप्याच्या मागं पाय घासत चालत, "वरच्या खोलीतला आला, वरच्या खोलीतला आला" असं ओरडत. हे त्यानं खटपट्याला सांगितलं तेही हसत हसतच. हसत सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या अंगाला लागत नाही, एवढी तिची सोय असते.

वर्षं गेली. दोघांचे केस पिकले. नाटकवाल्या बाईंच्या मनात आलं की 'वरच्या खोलीतला' नव्या नटांना घेऊन पुन्हा करावं. जुने बरेचसे भाग पुसले गेले होते. शेवटच्या भागाची तेवढी एक टेप टेपखोलीत सुखरूप होती. ती ऐकून पुढचं ठरवायचं होतं. आणि एका सकाळी टेपखोली सांभाळणारी बाई, तिला सगळे टेपताई म्हणत, वर येऊन सांगू लागली की टेप जागेवर नाही.

साहेबांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. टेप जुनी, एकुलती एक, आणि बाहेर तिच्यासाठी जीव टाकणारे शौकीन कमी नव्हते. आदल्या दुपारी टेपखोलीकडं कोण गेलं होतं? टेपताई म्हणाली, मी डबा खायला गेले होते. बाकी सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले.

"खटपटे," साहेब म्हणाले, "तुमची खोली भिंतीला भिंत लागून. तुम्ही काही ऐकलंत?"

ऐकलं होतं. दुपारी तो एका कडीला तेल देत बसला होता. लाकडी भिंतीपलीकडून पावलं आली, दार उघडलं, कुणीतरी उभं राहिलं, दार लागलं, पावलं गेली. ठप्. सर्र. ठप्. त्यानं मान वर करूनही बघितलं नव्हतं. ओळखीचं माणूस.

"पावलं ऐकली," तो म्हणाला.

"कुणाची?"

निरोप्या दाराशीच उभा होता, सगळ्यांसाठी आणलेलं पाणी हातात धरून. खटपटे थांबला. मित्र आहे म्हणून थांबला असं नंतर त्यानं स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. पण खरी गोष्ट अशी की सगळी खोली त्याच्या तोंडाकडे बघत होती, बाईंसकट, आणि त्या थांबण्यालाही एक चव होती. जन्मभर तो भिंतीआड राहून दुसऱ्यांच्या वाक्यांना आवाज देत आला होता. आज वाक्य त्याचं होतं.

"आपला निरोप्या," तो म्हणाला.

निरोप्यानं हातातलं पाणी टेबलावर ठेवलं. "मी?" निरोप्या म्हणाला. "मी खाली बाकावर बसलेलो रे. खटपट्या, मी वर आलोच नव्हतो."

"कुणी बघितलं तुम्हाला खाली?" साहेबांनी विचारलं.

कुणी नव्हतं बघितलं. शिपाई बाकावर बसलेला असतो तेव्हा त्याला कोण बघतं?

"नीट आठव," खटपटे समजुतीच्या सुरात म्हणाला. "कामासाठी आला असशील. आलास एवढंच मी म्हणतोय, नेलीस असं कुठं म्हणतोय?"

"आलोच नाही तर आठवू काय?"

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पावलं खोटं बोलत नाहीत." आणि दोघं-तिघं हसले.

टेप नेली म्हणून कदाचित त्याला समज देऊन सोडलं असतं. पण तो आलोच नाही या एका गोष्टीवर अडून बसला, आणि खटपट्याचा कान चुकत नाही हे तर सगळ्यांना ठाऊक. म्हणजे चोर तो चोर, वर खोटारडा. त्याला कामावरून कमी केलं. जाताना त्यानं बाकावरची आपली पंच्याची घडी उचलली. तो जिना उतरला तेव्हा खटपटे खोलीचं दार लावून बसला होता.

चार-आठ दिवसांनी निरोप्याची बायको खटपट्याच्या घरी आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत खुर्चीच्या कडेवर बसली. खटपट्याच्या बायकोनं पाणी दिलं, ते तिनं नुसतं हातात धरलं.

"भावजी, एकच मागायला आले. कान चुकला असेल, एवढं साहेबांना म्हणा. चुकला असं नको. चुकला असेल. एक 'असेल' घाला फक्त."

खटपट्याला तिची कीव आली. आणि त्या कीवेच्या भरातच तो म्हणाला, "वहिनी, कान चुकत नाही, त्याला मी काय करू?"

ती उठली. पाणी तसंच राहिलं.

पुढं काही महिन्यांनी टेपताई निवृत्त झाली. हार झाला, भाषण झालं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत ती कापडी पिशवी घेऊन खटपट्याच्या खोलीत आली. दार आतून लावून घेतलं. दम लागलेला.

"खटपटे, ही तुमच्यापाशी असू द्या. फेकून द्यायला मन होत नाही."

पिशवीत टेपचं चक्र होतं. शेवटचा भाग.

"मशीननं खाल्ली हो," ती सांगू लागली. "त्या दुपारी शेवटाजवळचा एकच प्रसंग लावून बघत होते, ठीक आहे का म्हणून. तेवढा छान चालला आणि पुढं टेप एकदम गुंतली. थोडीच. पण मला घाम फुटला. निवृत्ती तोंडावर आलेली. म्हटलं, नाही सापडत म्हणून सांगावं, कुणी फार विचारणार नाही. कुणाचं नाव घेतलं नव्हतं मी. देवाशपथ, कुणाचंच नव्हतं. तुम्हीच घेतलंत."

"निरोप्या आला होता की," खटपटे म्हणाला. "तुम्ही डबा खायला गेलात तेव्हा."

"मी कुठं गेले होते? ते तर सांगायचं म्हणून सांगितलं. मी सबंध दुपार खोलीत होते. कुणी आलं नव्हतं." तिनं पदरानं मान पुसली. "मला वाटलं, तुमचं न् त्याचं काही असेल आतलं. मी कोण मध्ये बोलणार?"

खटपट्याला ती काय म्हणतेय ते लगेच लागलं नाही. कोपऱ्यात त्याचं जुनं मशीन होतं. टेपताईनं हातसवयीनं चक्र चढवलं, खाल्लेला तुकडा ओलांडून मागं नेलं आणि कळ दाबली. खटपटे पाठमोरा होता, खाली वाकून खडीची पेटी सारत होता, हातांना काहीतरी काम हवं म्हणून.

ठप्. सर्र. ठप्.

तो ताडकन सरळ झाला आणि दाराकडे वळला. "अरे, हा इथं कसा?"

"कोण?"

"निरोप्या."

टेपताई त्याच्याकडे बघत राहिली. दार उघडल्याचा आवाज झाला; समोरचं दार तर बंद होतं. कुणीतरी उभं राहिलं. दार लागलं. पावलं गेली.

"खटपटे," ती हळू म्हणाली, "ही टेप आहे. हे तुम्ही आहात."

शरम कधी एकदम येत नाही असं म्हणतात. त्याला ती एकदम आली, गरम पाण्यात हात घातल्यासारखी. आधी कानांच्या पाळ्या तापल्या. मग त्याला ती मोठी खोली दिसली, आणि आपण थांबलो होतो तो क्षण दिसला. त्यातली ती चव पुन्हा तोंडात आली. नाटकातली आंधळी मालकीण सुद्धा दुसऱ्याच्या पावलांना फसली होती. हा स्वतःच्या पावलांना फसला. आणि ही गोष्ट मुळात त्याच टेपवर होती, त्याच भागात, जो कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. त्याच्याही नाही.

"माझं नाव घ्यायचं तर घ्या," टेपताई पिशवीची घडी घालत म्हणाली. "आता मला कोण काढणार आहे? मलाच तोंड उघडवत नाही, एवढंच." आणि गेली.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"याच खुर्चीत बसल्या होत्या वहिनी," ती म्हणाली. "एक 'असेल' मागत होत्या. तुमच्याच्यानं तेवढं देववलं नाही."

"मला खरंच वाटत होतं गं."

"तेच तर. सोनारानं कान टोचावेत म्हणतात, तुमचे टेपनं टोचले." मग जरा वेळानं, "आता इथं बसून माझ्याकडं काय बघता? मी का त्यांना काढलं?"

"साहेबांना आधी सांगू की त्याला?"

"निरोप्या भावजींना. नोकरी साहेबांनी घेतली, पण नाव कुणी घेतलं?"

निरोप्या आता एका लाकडाच्या वखारीच्या फाटकावर बसत होता. ट्रक आला की फाटक उघडायचं, गेला की लावायचं. आत करवत सुरू होती आणि सगळीकडं भुसा. खटपट्याला लांबून येताना बघून तो उठला नाही. रिकामा खोका पायानं पुढं सारला, बस म्हणून.

"बोल," तो म्हणाला. "मोठ्यानं बोल. इथं तिखट कान चालत नाहीत."

खटपट्यानं सांगितलं. करवतीच्या आवाजावरून ओरडून सांगावं लागलं, आणि ओरडून सांगताना शरमेची गोष्ट आणखीच नागडी होते. एक हमाल फळ्या रचायचा थांबून ऐकू लागला. "टेप होती," खटपटे ओरडत होता. "मी होतो! तू नव्हतास, मी होतो!"

निरोप्यानं मांडीवरचा भुसा झटकला. मग म्हणाला, "तुला एक सांगू? तू सांगितलंस ना त्या दिवशी, तेव्हा मला वाटलं, मी गेलोच असेन."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? खटपट्या म्हणतोय म्हणजे गेलोच असेन. तुझा कान कधी चुकलाय? मी घरी जाऊन आठवत बसलो. बाकावर बसलो होतो ते आठवायचं, आणि मग वाटायचं, मध्ये उठून गेलो असेन, विसरलो असेन. बायकोला म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, वेड लागलंय का? पण मलाच माझा भरवसा वाटेना. नोकरीचं सोड. हे वाईट झालं बघ."

भुसा खटपट्याच्या नाकातोंडात गेला. तो खोकला.

"थांब, पाणी आणतो," निरोप्या म्हणाला आणि उठला.

तेवढ्यात आत करवत थांबली. निरोप्या फाटकापासून मडक्यापर्यंत फरशीवरून चालत गेला आणि पेला भरून परत आला. खटपटे ऐकत होता. ठप्. ठप्. ठप्. मध्ये काही नाही. घासल्याचा, ओढल्याचा, सर्र म्हणण्याजोगा काहीच आवाज नाही. डावं पाऊल उजव्यापेक्षा जरा जड, बस.

त्यानं खाली बघितलं. निरोप्याच्या डाव्या बुटाला जाडजूड तळ होता.

"हा बूट कधी घेतलास?"

"कधी म्हणजे? मुलीच्या लग्नाच्याही आधी. हाडाच्या डॉक्टरनं करून दिला. पहिल्या दिवशी तुलाच दाखवायला आलो होतो की. तू म्हणालास, छान दिसतो."

दिसतो. खटपट्यानं पेला घेतला, पण त्याच्याच्यानं पिववेना. म्हणजे निरोप्या पाय घासत चालायचा थांबला त्याला किती वर्षं लोटली, आणि रोज त्या व्हरांड्यातून तो कसा जातो हे खटपट्यानं एकदाही ऐकलं नव्हतं. त्याला ऐकू येत होती ती त्यानं स्वतः बांधलेली चाल, चिंधीच्या घडीवरची. माणूस बदलला, पाय सुधारला, मुलगी सासरी गेली, आणि तिखट कानाच्या मित्रानं जुनीच टेप लावून ठेवली. आणि सगळं केंद्र त्याच्याच कानानं ऐकत होतं. त्या दिवशी मोठ्या खोलीत कुणी एकानं जरी म्हटलं असतं, निरोप्याजी, जरा चालून दाखवा, तर…

"तू त्यांना चालून का नाही दाखवलंस?" तो म्हणाला.

"मला काय ठाऊक तू कुठली चाल ऐकलीस?" निरोप्या पहिल्यांदाच चढ्या आवाजात म्हणाला. "तू म्हणालास, आपला निरोप्या. बास. चाल कशी होती हे तुला कुणी विचारलं का? मी तरी विचारलं का?"

ट्रक आला. निरोप्यानं फाटक उघडलं, ट्रक आत घेतला, फाटक लावलं. परत येऊन उभाच राहिला.

"साहेबांच्या कानाशी लागू नकोस," तो म्हणाला. "खोलीत जाऊन, दार लावून, असलं नको. मला चारचौघांत विचारलं होतं."

"चारचौघांतच सांगतो."

"सांग. आणि मग इकडं येऊन माफीबिफी मागू नकोस, लेका. मला ते निस्तरत बसायला वेळ नाही."

'वरच्या खोलीतला' नव्यानं बसवायची पहिली तालीम होती. मोठ्या स्टुडिओत सगळे नट कागद घेऊन उभे, काचेपलीकडं नाटकवाल्या बाई, त्यांच्या शेजारी साहेब, हौसेनं ऐकायला आलेले. कोपऱ्यात खटपट्याची पेटी, चालायची फळी, चौकट आणि चिंधी बांधलेले बूट. आंधळ्या मालकिणीचं काम करणाऱ्या नटीनं चष्मा चढवला आणि घसा साफ केला.

"बाई, त्याआधी मला एक बोलायचंय," खटपटे म्हणाला आणि माइकसमोर गेला. आजवर तो माइकसमोर गुडघ्याच्या उंचीवर राहत आला होता. तोंड कुठं धरायचं हेच त्याला कळेना. "निरोप्या टेपखोलीकडं गेला नव्हता. मी ऐकली ती पावलं टेपमधली होती. माझीच. मला माझीच पावलं ओळखता आली नाहीत."

सगळ्यांनी कागदांवरून माना वर केल्या. मग एक नट खो खो हसत सुटला. "वा मामा! सुरुवातच झकास!" दोघांनी टाळ्या वाजवल्या. नाटकाचंच काहीतरी, असं सगळ्यांना वाटलं.

खटपट्याचा चेहरा तापला. "नाटक नाही हे," तो म्हणाला. "त्याला मी काढायला लावलं. तो आलाच नव्हता."

पुन्हा एक तरुण नटी हसली, पण अर्धवट. एकटीच हसल्यासारखं झालं म्हणून ती खाली बघू लागली.

त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं. आता सावकाश, सगळं. टेपताईचं, मशीनचं, टेपच्या गुंत्याचं. निरोप्याच्या जाड तळाच्या बुटाचं. वहिनी एक शब्द मागायला आल्या होत्या आणि आपण तो दिला नाही, तेही. हे तो सांगणार नव्हता, पण तोंडातून गेलं. कुणी हसलं नाही. मालकिणीच्या नटीनं चष्मा उतरवून हातात घेतला.

काचेपलीकडून कळ दाबल्याचा टक् आवाज झाला. साहेबांचा आवाज सगळ्या स्टुडिओत पसरला. "खटपटे, हे माझ्या खोलीत येऊन बोलता आलं असतं."

"आलं असतं, साहेब. त्याला चारचौघांत विचारलं होतं."

साहेबांनी काचेतून बराच वेळ त्याच्याकडं बघितलं. माणूस काचेमागं असला की त्याला ओशाळं वाटतंय की राग आलाय हे ओळखू येत नाही. "उद्या पत्र काढतो," ते शेवटी म्हणाले. "बोलावून घेऊ. येतील ना ते?"

"मला माहीत नाही," खटपटे म्हणाला. "ते काय करतील हे आता मी सांगणार नाही."

साहेब उठून गेले. नट कागद खालीवर करत राहिले. नाटकवाल्या बाईंना मात्र स्टुडिओ दुपारपर्यंतच मिळाला होता. "चला," त्या कळ दाबून म्हणाल्या, जरा जास्तच कोरडेपणानं. "जिन्याचा प्रसंग. पावलं फक्त. खटपटे, तयार?"

लाल दिवा लागला. चिंधीच्या बुटांकडं खटपट्यानं बघितलं आणि ते पायानं बाजूला सारले. स्वतःच्या चपलांनिशी तो फळीवर उभा राहिला आणि चालू लागला. चौकटीपर्यंत गेला. दार उघडलं, उभा राहिला, लावलं. परत आला. आपण कसे चालतो हे त्याला ठाऊक नव्हतं. ते ऐकायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती. ती पावलं कसलीच नव्हती. थोडी घाबरट, थोडी फाकलेली, वय झालेल्या माणसाची.

"थांबा, थांबा," बाईंचा आवाज आला. "हे कोण चालतंय? काहीच ओळखू येत नाहीये."

खटपटे फळीवर उभा होता. दिवा अजून लालच होता.

"मी आहे, बाई," तो म्हणाला. "पुन्हा चालू?"